कॉलनीतलं नाटक, कॉलनीतला ऑर्केस्ट्रा: तुमचे अनुभव सांगा

वाडीनाका
काल संध्याकाळी बाजूच्या मांडवातून "हॅलो हॅलो, माईक चेक" सुरू झालं आणि मागे कुणीतरी पेटीचा एकच सूर दाबून धरला. माझी पोळी तव्यावर करपली.

आमची नागपूरच्या अमरावती रोडवरची ऑर्डनन्स फॅक्टरीची कॉलनी. एका भिंतीपलीकडे मल्याळी, दुसरीकडे उडिया, आम्ही साकोलीहून आलेलो. सीताबर्डी दहाएक किलोमीटरवर, तरी आई "नागपूरला जाऊन येते" म्हणायची. गणपतीत नाटक आम्ही मराठी लोकांनी बसवायचं, दुर्गापूजेत बंगाल्यांनी.

१९८७ साली आमच्या नाटकातल्या सासऱ्याला ऐन वेळी कावीळ झाली. समोरच्या ब्लॉकचे बंगाली काका उभे राहिले. सगळे संवाद बंगाली लिपीत लिहून घेतले, पाठांतर चोख. पण 'व' जिभेवर येईना. "वहिनी, विहिरीत वाघ पडला"चं झालं "बोहिनी, बिहिरीत बाघ पोडला". प्रसंग रडण्याचा होता हो! पहिल्या रांगेतल्या साहेबांनी तोंडात रुमाल कोंबले. काकांना वाटलं लोक रडताहेत, त्यांनी आणखी जोर लावला.

तुमचंही लिहा. नुसते प्रेक्षक असाल तरी चालेल.

पुडाचीवडी
बोहिनी!! ऑफिसात हसले, आता सगळे बघून राहिले माझ्याकडे.

अजनी_यार्ड
आमच्या रेल्वे कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियनवर एक गार्ड अंकल. त्यांच्यामुळे कार्यक्रमाची वेळ मालगाड्यांवर ठरायची. एकदा दुसऱ्या कडव्याला कॉलबॉय, म्हणजे ड्यूटीचं बोलावणं आणणारा, वही घेऊन सरळ स्टेजवर. अंकलनी वाजवता वाजवता एका हातानं सही केली, कडवं पूर्ण केलं, अकॉर्डियन माझ्या मोठ्या भावाच्या गळ्यात अडकवलं आणि गेले ड्यूटीवर. भावाला वाजवता येत नव्हतं. तो तसाच उभा, गाणं संपेपर्यंत. बाकी नंतर लिहितो, कुकर झाला.

वऱ्हाडी_ठेचा
भावाचा फोटो असंल तर टाका न जी.

धानाचंबांधं
तुमी शहरातले लोक दोन घंट्याच्या खेळाले नाटक म्हंता. आमच्या झाडीत, म्हंजे भंडारा-गडचिरोलीकडं, दिवाळी झाली का मंडईची जत्रा, दिवसा शंकरपट म्हंजे बैलायची शर्यत अन् रातभर नाटक. नाटक कंपन्या वडशाच्या. वाजवनारे स्टेजच्या पुढंच बसते, आर्गन, तबला सप्पा. वन्स मोर भेटला का गानं पुन्ना. म्या नागपुरात नोकरीले आलो तं पह्यलं नाटक साडेनवाले संपलं. मले वाटलं मध्यंतर झाला, बसून रायलो. झाडूवाल्यानं उठवलं. आमच्या झाडीचे नट परशुराम खुणे यायले २०२३ मधी पद्मश्री भेटली, तवा आमच्या रूमवर पार्टी झाल्ती.

आठरस्ता
@धानाचंबांधं, रातभर इकडे जमणारच नाही. २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, वर्षातले फार तर १५ दिवस बारापर्यंत सूट. आमच्या सोसायटीत पावणेदहाला भैरवी सुरू करतात, आधीची तीन गाणी कापून.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आम्ही त्यात एकदाच घुसलो. सायंटिफिक सभागृह. प्रेक्षकांत परीक्षक, आमच्या आया आणि एक जण जो थंडी म्हणून आत आला होता. टाळ्या सर्वांत जास्त त्याच्या. आता रेशीमबागेत सुरेश भट सभागृह झालंय २०१७ पासून, एवढं मोठं की तिथे आमच्या आया दिसल्याही नसत्या.

इंदोरा_चौक
लहानपणी १३ एप्रिलची रात्र. पाच घरं सोडून राहणारा ढोलकवाला, दिवसा सायकलचं पंक्चर काढायचा. बाराच्या ठोक्याला फटाके आणि भीमगीत एकदमच. त्याची बोटं पाहत मी शिकलो. अजून वाजवतो, बायको म्हणते डायनिंग टेबलवर नको.

पुडाचीवडी
जुनं धनवटे रंगमंदिर आठवणारे कोणी आहे का इथे? बाबा सायकलवर डबलसीट न्यायचे. मला नाटकं आठवत नाहीत, परत येतानाचा बर्डीचा चढ आठवतो, बाबा उतरून सायकल ढकलायचे.

नवीन_भाडेकरू
वाडीकडे वन बीएचके कुठे मिळेल? फॅमिली आहे.

वऱ्हाडी_ठेचा
नाटक आहे का हे? चुकीच्या विंगेतून आले तुम्ही.

टाकीजवळचा
@वाडीनाका, तुम्ही टाइप टू क्वार्टरमधले का, पाण्याच्या टाकीसमोर? वाघ नव्हता हो तो. वाघ पडला तर वहिनी रडेल कशाला? वासरू होतं. "बाशोरू पोडला." मला चांगलं आठवतं, कारण वासरू मीच होतो, पोत्यात. दीड तास. आईनं कान शिवले होते ते टोचत होते.

वाडीनाका
अगं बाई, वासरू तुम्ही! मग माझ्या डोक्यात वाघ कुठून आला?

टाकीजवळचा
पुढच्या वर्षीच्या नाटकातला. तोही मीच. पोतं तेच, वरून पट्टे मारले.