स्पितीच्या पायवाटांवर सायकल घालावी का?

डोंगरधार: हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात कोमिक गावापर्यंत जीपरस्ता आहे, त्यावर खुशाल सायकल चालवा. पुढे डेमुल, ल्हालुंग, धनकर या गावांना जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर मात्र सायकल नको, हे माझं ठाम मत. सह्याद्रीत टायरने उकरलेली वाट एका पावसाळ्यात गवत झाकून टाकतं. स्पिती पर्जन्यछायेत आहे. 4,500 मीटरच्या आसपास उशीसारखी बसकी झुडपं वाढायला वर्षानुवर्षं लागतात. याक-खेचरं त्याच वाटेने जातात हे खरं, पण खुराचा ठसा तुटक असतो, टायरची चाकोरी सलग. बर्फ वितळलं की पाणी तीच चाकोरी धरतं आणि तिची घळ होते.

शिवाय गावाजवळ वाट कूल ओलांडते. कूल म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी वाटाण्याच्या, जवाच्या शेतात नेणारा मातीचा पाट. काठावरून चाक गेलं की वीतभर माती ढासळते, पाणी भलतीकडे वळतं आणि खालच्या शेताची पाळी हुकते.

गियरवाला: कुलीचं अगदी मान्य. तिथे सायकल खांद्यावरच हवी. पण बाकीच्या वाटेवर माती उकरतं ते लॉक झालेलं मागचं चाक. फिरतं चाक नव्हे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात पुढचा ब्रेक एका बोटाने, मागचा नुसता टेकवलेला. आखूड वळण जमत नसेल तर उतरून चालायचं. जायचं सप्टेंबरमध्ये, वाट कोरडी असते. आणि गावाचंही बघा. जीपवाला पाहुणा लांगझा गावच्या बुद्धमूर्तीजवळ फोटो काढून परत फिरतो. सायकलवाला डेमुलला मुक्काम करतो, जेवतो, पैसे त्या घरात राहतात.

पाना_पकड: चाक लॉक का होतं, तेही बघू. पुण्यात 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर कोमिकला गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या काट्यावर, साधारण 5 पीएसआय जास्त दाखवतो, कारण बाहेरच्या हवेचा दाब घटलेला असतो. थंडीने त्यातला थोडा उतरतो, तरी टायर कडकच राहतो, भुसभुशीत मातीवर पकड सुटते. काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावी, पोचल्यावर गेज लावून हवा सोडा. 2.4 इंची ट्यूबलेस असेल तर पुढे 20-22, मागे 23-25.

फोर्कचंही (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनचंही) तसंच. खालच्या पायांत अडकलेली हवा फुगते, फोर्क शेवटच्या भागात दबत नाही. हवा सोडायचं ब्लीड बटण असेल तर दाबा. नसेल तर स्वच्छ, मऊ केबल-टाय डस्ट सीलमधून (धूळ अडवणाऱ्या रबरी कडीतून) हलकेच सरकवा, फुस्स आवाज आला की काढा. घाई केली तर स्टँशनवर, म्हणजे फोर्कच्या आत-बाहेर सरकणाऱ्या गुळगुळीत नळीवर, ओरखडा पडतो आणि तेल गळायला लागतं.

कोमिक ते काझा उतार 800 मीटरहून जास्त. साधे रेझिनचे ब्रेक पॅड सतत दाबून धरले तर चकाकतात, पकड जाते. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) घ्या, पुढे 203 मिमीची ब्रेक डिस्क. कोरड्या हवेत सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं, भोक बुजवणारं द्रव) लवकर आटतं, म्हणून निघण्याआधी प्रत्येक चाकात 100 मिली ताजं. सोबत दोन ट्यूब, टायरचं भोक बुजवायचे प्लग, डिरेलर हँगर (मागचा गियर ज्यावर बसतो तो तुकडा), साखळी जोडायच्या दोन क्विक लिंक. विरळ हवेत हातपंपाला दीडपटीहून जास्त दट्टे लागतात, दमून अर्धवट सोडू नका.

डोंगरधार: एवढी तयारी करून येणाऱ्याला माझा विरोध नाहीच. पण वाट सायकलींची म्हणून नावाजली की गेज न बाळगणारेही येणार. मनालीहून एका दिवसात काझा गाठून दुसऱ्या दिवशी कोमिक चढणारेही येणार. 3,000 मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी विश्रांती हवी. त्यासाठी किन्नौरकडून येणं बरं, तिकडून उंची हळूहळू वाढते. डोकं दुखत असताना हाताला ब्रेकचा अंदाज राहत नाही, मग वळणावर चाक घसरणारच. कोमिक ते डेमुलमध्ये हाड मोडलं तर उचलून न्यायला गावकरीच, तेही ऐन कापणीत.

गियरवाला: मग डेमुलला आधी निरोप देऊन, गावातला वाटाड्या घेऊनच जावं. कोणती कूल वाहती आहे ते त्यालाच ठाऊक. आणि डेमुलहून लिंगटीच्या खोऱ्यात उतरणारा टप्पा सगळ्यांनी चालत, हे मला मंजूर आहे.

डोंगरधार: तो टप्पा चालत आणि जून-जुलै पूर्ण बंद, तर माझी हरकत मागे.