डेस्कटॉप चालू होतो पण स्क्रीन काळी, १५०० च्या आत काही होईल का?

मिरजकर: मंडळी मदत हवी. डेस्कटॉप आहे, इंटेल आय३ १०१००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅमची (मेमरीची) एकच पट्टी, २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. परवापासून बटण दाबलं की पंखे फिरतात, लाइट लागतो, पण मॉनिटरवर नुसतं 'नो सिग्नल'. दुकानवाला न उघडताच म्हणाला मदरबोर्ड गेला, ५५०० लागतील. माझ्याकडे १५०० च्या वर नाहीत आणि पोरीचं बारावीचं प्रोजेक्ट त्यात अडकलंय.

तात्या_नाशिक: रॅम. शंभर टक्के रॅम. वायर काढ, पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धर म्हणजे उरलासुरला करंट जातो, मग पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने घास आणि 'टक' होईपर्यंत दाबून बसव. आमच्याकडे दर पावसाळ्यात हेच होतं, ११ वर्षं तेच मशीन चालवतोय.

अमोल_ठाणे: दादा किती दिवस ठिगळं लावणार, लॅपटॉप घ्या. मी दिवाळीत ४८ हजारांचा घेतला, ईएमआयवर मिळतो.

प्राजक्ता_के: बजेट १५०० लिहिलंय हो त्यांनी. दादा, केबल मागे कुठे लावलीय? नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसतं, बोर्डाच्या पोर्टला लावली तर काहीच दिसणार नाही, खालच्या कार्डालाच लावायची. माझ्या भावाचे चार दिवस यातच गेले.

सोलापुरी_वायरमन: सीमॉसचा सेल (बोर्डावरचा गोल बटणासारखा सेल) बदला, सीआर२०३२, ४० रुपये. माझं त्यानेच चालू झालं.

तात्या_नाशिक: सेल गेला तर घड्याळ चुकतं, डिस्प्ले कशाला जाईल? रॅम घासली का ते सांग आधी.

सोलापुरी_वायरमन: सेल काढला की बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) सेटिंग मूळपदावर येते, म्हणून चालू झालं असेल. पण झालं ना?

हडपसर_आयटी: खोडरबर नको, भुगा स्लॉटमध्ये जातो, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. आणि बोर्डावर बारका स्पीकर लावा. रॅम काढून चालू केल्यावर बीप वाजली तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत. प्रोजेक्टची काळजी नको, हार्डडिस्क साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून कॉपी करता येतं.

तात्या_नाशिक: ११ वर्षांत कधी भुगा अडकला नाही.

मिरजकर: केबल कार्डालाच होती. रॅम घासली, सेलही बदलला, फरक नाही. मग ३० रुपयांचा स्पीकर लावला, रॅम काढून चालू केलं तर बीप वाजली!! रॅम परत बसवून शेजाऱ्यांचं कार्ड लावलं आणि चित्र आलं. म्हणजे कार्डच गेलंय, बोर्ड ठणठणीत. सेकंडहँड घेऊ का?

प्राजक्ता_के: सेकंडहँड कार्ड नकोच, किती वापरलंय कळत नाही.

हडपसर_आयटी: +१. थोडे साठवून नवीनच घ्या.

अमोल_ठाणे: म्हणूनच लॅपटॉप म्हणत होतो.

मिरजकर: सगळ्यांचं पटतंय पण सबमिशन सोमवारी आहे. आज सांगलीत १२०० ला जुनं कार्ड घेतलं, दुकानात अर्धा तास व्हिडिओ चालवून पाहिला, १५ दिवसांची गॅरंटी बिलावर लिहून घेतली. पोरगी आत्ता प्रिंट काढतेय.