सुरिनाम: कधी जावं आणि हिंदीवर भागेल का?

नाशिकची_भटकी:
भावाकडे अ‍ॅमस्टरडॅमला जातेय, तिथून पुढे दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम करायचा विचार आहे. सोबत आई, वय ६८, शाकाहारी. पाऊस टाळायचा तर कधी जावं? आणि तिथे सगळे हिंदी बोलतात म्हणे, खरंय का? डचच्या नावाने आमची बोंब.

हेगकर_काकू:
सगळे नाही हो. शाळा, कचेऱ्या, पाट्या डचमध्ये. रस्त्यावर स्रानान टोंगो, म्हणजे तिथली सगळ्यांची सामायिक बोली. सारनामी बोलतात ते हिंदुस्तानी, म्हणजे तिथले भारतीय वंशाचे लोक. १८७३ मध्ये 'लाला रूख' जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये (करारावरचे मजूर) घेऊन गेलं, त्यांची भोजपुरी-अवधी ही. आता तिच्यात डचही भरपूर.

आमची इथली शेजारीण मूळची पारामारिबोची, म्हणजे तिथल्या राजधानीची. तिच्याबरोबर गेले तेव्हा तिच्या आत्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसून ऐकत होते. म्हातारीशी सारनामी, दप्तरवाल्या पोराशी डच, मालवाल्याशी स्रानान, आणि हिशेब करताना स्वतःशी परत डच! माझी हिंदी त्यांना कळायची (टीव्हीची कृपा), त्यांचं घाईतलं बोलणं मला निम्मं.

पावसाळे दोन. मोठा एप्रिलअखेर ते ऑगस्टचा मध्य, धाकटा डिसेंबर-जानेवारी. पारा बारमाही तिशीच्या आसपास आणि चिकचिक अस्सल मुंबईची. फेब्रुवारी-मार्च गाठा.

सह्यवेडा:
सप्टेंबर ते नोव्हेंबर तर मोठा कोरडा ऋतू ना? तो का नको?

हेगकर_काकू:
नुसतं शहर बघायचं तर खुशाल जा, ऊन सोसत असेल तर. जंगलात जायचं तर गोष्ट वेगळी. अटयोनीला रस्ता संपतो, पुढे सुरिनाम नदीतून लांबोडक्या होडीने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी उतरून खडक वर येतात, कुठे कुठे होडी ढकलावी लागते. आईंना घेऊन नकोच. शिवाय ती गावं सारामाकांची, म्हणजे मळ्यांतून पळून जंगलात वसलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांची. त्यांची भाषा निराळी, हिंदीचा तिथे काडीचा उपयोग नाही. वाटाड्या लागतोच.

नाशिकची_भटकी:
मग फेब्रुवारी पक्का. आईच्या जेवणाचं?

हेगकर_काकू:
रोटीच्या दुकानांत बटाटा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी मिळते. 'कोंबडी नको' एवढ्यावर थांबू नका, रस्साही वेगळा आहे का ते विचारा.

आणि पिवळ्या तापाची लस! सुरिनामहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर दाखला मागतात, आणि तो लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतो. साठीपुढे ही लस सरसकट देत नाहीत. तिकिटं काढायच्या आधी आईंच्या डॉक्टरांना गाठा.