मदत हवी आहे: सुतारकामाचा छोटा वर्ग केला, तरी घरी रंधा चालत नाही. मुंबईत पुढे कुठे शिकावे?

सागवान_दादर (धागाकर्ता)

नमस्कार. हाताने सुतारकाम शिकवणारा, शनिवार-रविवारी भरणारा मुंबईतला चांगला वर्ग कोणाला माहीत असल्यास कृपया लवकर सांगावे. अशा एका वर्गाला मी मध्यंतरी जाऊन आलो. तिथे प्रत्येकाने एक छोटे स्टूल केले आणि माझे स्टूल उत्तम झाले, पण घरी साधी फळीसुद्धा सपाट करता येत नाही. रंधा (लाकूड तासून सपाट करण्याचे हत्यार) एक तर जागचा हलत नाही, नाही तर हलला की लाकूड उपटून खड्डे पाडतो. गणपतीच्या आधी मला चौरंग पुरा करायचा आहे. शिकवणाऱ्यांना विचारले असता "पुढच्या पातळीचा वर्ग करा" एवढेच उत्तर मिळाले, आणि त्या वर्गाची फी पहिल्याच्या दुप्पट आहे. व्हिडिओ पुष्कळ पाहून झाले आहेत, त्यामुळे दुवे देऊ नयेत. वर्ग कोणता करावा, एवढेच हवे आहे.

पटाशीवाला

वर्ग सुचवण्याआधी थोडी माहिती द्या. फळी कोणत्या लाकडाची आहे, रंधा लाकडी आहे की लोखंडी, त्याच्या पात्याला शेवटची धार कधी लावली, आणि रंधताना फळी कशाला टेकवता? हे कळल्याशिवाय कोणीही तुम्हाला कोणत्याही वर्गाचे नाव सांगितले तरी ते अंदाजाने सांगितलेले असेल.

अंधेरीचा_अभियंता

एवढा त्रास कशाला घेता? विजेवर चालणारा रंधा घ्या, फळी काही मिनिटांत सपाट होईल. वर्गाच्या फीत यंत्राची बरीचशी किंमत निघेल.

माहीमकर_ताई

विजेचा रंधा इमारतीतल्या घरात चालवून पाहा, म्हणजे सोसायटीची समिती फळीआधी तुम्हाला सपाट करील. आवाजाचे सोडा, भुशाचा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांत केली आहे. हातरंध्यातून सालपटे निघतात आणि ती केरसुणीने गोळा होतात. यंत्राची बारीक धूळ मात्र पडद्यांपासून फुप्फुसांपर्यंत सगळीकडे जाते. शिवाय धागाकर्त्यांनी हाताचे काम शिकायचे असे स्पष्ट लिहिले आहे.

सागवान_दादर

लाकूड सागाचे आहे, वाड्याच्या जुन्या दरवाज्याच्या चौकटीतून निघालेले. रंधा लोखंडी आहे आणि कोरा करकरीत आहे, तेव्हा धारेचा प्रश्नच येत नाही. फळी जेवणाच्या टेबलावर ठेवतो. आता वर्गाचे सांगाल का?

पटाशीवाला

धारेचा प्रश्न येतोच, किंबहुना तोच मुख्य प्रश्न आहे. बाजारातला नवा लोखंडी रंधा वापरण्याजोगी धार लावून येत नाही. कारखान्यात पाते साधारण २५ अंशांच्या उतारावर घासलेले असते आणि तेवढ्यावरच ते खोक्यात भरतात. पुढची धार काढण्याचे काम घेणाऱ्यावर सोडलेले असते. पाते बाहेर काढा आणि त्याची सपाट पाठ उजेडात तिरपी धरून पाहा. घासणीचे आडवे ओरखडे तिथे स्पष्ट दिसतील. धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ, आणि त्यांपैकी एक जरी ओरखड्यांनी भरलेला असला तरी दुसरा कितीही घासून उपयोग होत नाही.

हे घरी करता येते. जाड काचेचा तुकडा घ्या, कारण काच सपाट असते, आणि त्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो वॉटर पेपर (पाण्यासह वापरायचा घासकागद) पाण्याने चिकटवा. आधी २२० नंबर, मग ४०० आणि शेवटी १०००. पात्याची पाठ पूर्ण घासत बसू नका. धारेलगतचा बोटभर भाग आरशासारखा झाला की पुरे. नंतर उताराची बाजू ३० अंशांच्या आसपास धरून घासा. पाठीला बोट लावल्यावर धारेच्या संपूर्ण लांबीभर बारीकशी खरबरीत कड जाणवू लागली की पाते उलटून पाठीकडून ती अलगद काढून टाका. धार आली की नाही, हे लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे फळीच्या टोकावर, तपासा. तिथून पातळ सालपट सलग निघाले तर पाते तयार आहे, आणि नुसता भुगा पडला तर पुन्हा काचेवर जा.

उपटण्याचे कारण मात्र वेगळे असू शकते. फळीच्या कडेला डोळा लावा आणि तिच्या अंगावरच्या रेषा कोणत्या टोकाकडे चढत जातात ते पाहा. रंधा त्या चढाच्या दिशेने न्यायचा असतो. उलट्या दिशेने गेलात तर पाते तंतूंच्या खाली शिरते आणि कापण्याऐवजी चिरफाड करते. फळी नुसती फिरवून घेतली तरी निम्मे खड्डे थांबतात. तरीही उपटत असेल तर पात्यावरची लोखंडी पट्टी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणून बसवा आणि पाते रंध्याच्या तळाबाहेर अगदी केसाएवढेच काढा.

जुन्या चौकटीत मोडलेले खिळे असतात. आधी लोहचुंबक फिरवून घ्या, नाही तर नवी धार पहिल्याच फेऱ्यात जाईल. त्यात सागाच्या लाकडात मुळातच सिलिका असते आणि त्यामुळे पाती लवकर बोथटतात, हेही लक्षात ठेवा.

गिरगावचा_जुना

काचा, कागद आणि अंश कशाला मोजायचे? आमच्या चाळीत मिस्त्री जमिनीवर बसून, फळी पायाच्या अंगठ्यात धरून रंधत, आणि पाते पाण्यातल्या दगडावर घासत. माझे मत विचाराल तर वर्गबिर्ग काही नको. एखादा मिस्त्री गाठा, रोज तासभर त्याच्या हाताखाली उभे राहा आणि सांगेल ते करा. पैसे देऊन स्टूल शिकवण्याचे हे खूळ नवे आहे.

माहीमकर_ताई

काका, मिस्त्री गाठा म्हणणे सोपे आहे. आज मुंबईत घरोघरी काम करणारे बहुतेक मिस्त्री प्लायवूड, सनमायका आणि खिळे ठोकणारी बंदूक यांवर काम करतात. त्यांचे कौशल्य खरे आहे, पण ते वेगळे आहे. कूस, म्हणजे लाकडाच्या टोकाची जीभ, कोरून खाचेत बसवण्याचे काम त्यांच्यापैकी पुष्कळांनी कित्येक वर्षांत केलेले नसते, कारण गिऱ्हाईक त्यासाठी थांबत नाही. आणि ज्याचा दिवस ठेक्यावर चालतो, त्याने एका हौशी माणसाच्या शंका ऐकत तासभर का घालवावा? वर्गाला फी असते ती या वेळेचीच.

गिरगावचा_जुना

ज्याला शिकवायची आवड असते तो शिकवतो, हा माझा अनुभव आहे. ठेकेदाराला नको, म्हाताऱ्या कारागिराला विचारा.

कुडाळची_मुलगी

लाकडी हस्तकलेचा विषय निघालाच आहे तर सावंतवाडीला अवश्य जा. तिथल्या चितारआळीत लाकडी फळे आणि खेळणी होतात. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड त्यासाठी वापरतात, आणि लाखकाम व गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) हेही तिथलेच. चौरंगापेक्षा पाटावरचे रंगकाम शिकलात तर घरात धूळही होणार नाही.

सागवान_दादर

मला रंगकाम शिकायचे नाही. मला चौरंग करायचा आहे.

आयटीआय_माजी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा पूर्ण एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो आणि आठवी पास असलेल्यालाही त्यात प्रवेश घेता येतो. तिथे सुरुवातीचे दिवस करवत, रंधा आणि गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) यांतच जातात. कंटाळा येतो, पण पाया पक्का होतो. शनिवार-रविवारच्या वर्गांवर माझा विश्वास नाही.

पटाशीवाला

नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षभराचा अभ्यासक्रम सुचवून उपयोग काय? छोट्या वर्गांत मुळात दोष नाही. वर्गात काय शिकवतात आणि काय आधीच करून ठेवतात, हा खरा मुद्दा आहे. धागाकर्ते, त्या वर्गात स्टुलाचे लाकूड तुमच्या हातात कसे आले होते? रंधलेले, मापात कापलेले होते का? आणि तिथल्या पटाश्यांना धार कोणी लावली होती?

सागवान_दादर

लाकूड गुळगुळीत आणि मापात कापूनच दिले होते. भोके यंत्राने पाडलेली होती. आम्ही पटाशीने कोपरे साफ केले, सरस लावला, शिकंजे (क्लॅम्प) आवळले आणि नंतर पॉलिश केले. हत्यारे त्यांचीच होती आणि लोण्यात सुरी फिरावी तशी चालत होती. धार कोण लावतो हे मी विचारले नाही, कारण त्याचा संबंध आला नाही.

पटाशीवाला

तुमचे घोडे इथेच अडले आहे. तुम्ही शिकलात ती जुळणी. लाकूड सपाट करणे, त्याची रेषा ओळखणे आणि हत्यार धारदार ठेवणे ही कामे तुम्ही येण्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी उरकली होती. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात स्टूल पडले पाहिजे, असे वर्गवाल्यांना वाटते, म्हणून ते असे करतात. त्यात फसवणूक नाही, पण त्याला सुतारकामाचा वर्ग म्हणणे मला पटत नाही.

तेव्हा पुढचा वर्ग निवडताना फोनवर सरळ विचारा की धार लावायला शिकवणार का, आणि ती स्वतःच्या हत्याराला लावायची की त्यांच्या. लाकूड करवतीने कापलेले खडबडीत देणार की रंधलेले, हेही विचारा. एका वेळी किती जणांना घेतात आणि काम करायला किती बाके आहेत, हे तर विचाराच. दोघांत एक बाक असेल तर निम्मा वेळ तुम्ही दुसऱ्याचे काम पाहण्यात घालवाल. "घरी काय घेऊन जायला मिळेल?" या प्रश्नाचे उत्तर "एक सरळ रंधलेली फळी आणि एक सांधा" असे आले तर डोळे मिटून नाव नोंदवा. "पुढच्या पातळीच्या" वर्गातही लाकूड तयारच मिळणार असेल तर दुप्पट फी देऊन तुम्हाला मोठे स्टूल मिळेल, एवढेच.

भायखळा_पूर्व

जुने काम पाहायचे असेल तर भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊन या. १८७२ सालापासून ते तिथे उभे आहे, आणि हस्तिदंत, शिंग, लाख अशा कारागिरीचे नमुने तिथे जवळून पाहता येतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत होणारे शिसवी कोरीव फर्निचर परदेशातही नावाजलेले होते.

गिरगावचा_जुना

काचेआडून पाहून रंधा चालत नसतो.

आयटीआय_माजी

टेबलाबद्दल कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. जेवणाचे टेबल रंधण्यासाठी निरुपयोगी आहे, कारण ते हलते आणि उंचही पडते. रंधताना जोर खांद्यातून आणि पायांतून यावा लागतो, त्यामुळे फळी साधारण मनगटाच्या उंचीवर हवी. बाक घेणे शक्य नसेल तर जाड प्लायवूडचा मोठा तुकडा घ्या, त्याच्या एका टोकाला फळीपेक्षा पातळ अशी आडवी पट्टी स्क्रूने बसवा, आणि ते टोक भिंतीला टेकवून जमिनीवरच काम करा. फळी पट्टीला अडते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. याबाबतीत जमिनीवर बसण्याचा गिरगावच्या काकांचा सल्ला बरोबर आहे.

सागवान_दादर

पाते काचेवर घासले. पाठीवर ओरखडे होते, ते जायला बराच वेळ लागला. प्लायवूडला पट्टी ठोकली आणि फळी फिरवून घेतली. आता फळीभर लांब सालपटे निघतात. फक्त गाठीजवळ अजून थोडे उपटते. चार ठिकाणी फोन करून धारेविषयी विचारले. त्यांपैकी एकाच ठिकाणी "हो, पहिली सकाळ त्यातच जाते" असे उत्तर मिळाले, तिथे नाव नोंदवले आहे. वर्ग मात्र गणपतीनंतर आहे. तोपर्यंत चौरंगाची वरची फळी आडव्या पट्ट्यांना फेविकॉलने चिकटवून टाकू का?

पटाशीवाला

नको. गाठीजवळ पाते आणखी आत घ्या आणि रंधा तिरपा धरून चालवा. फळीचे म्हणाल तर लाकूड हवेतल्या ओलाव्याने रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. तुम्ही भर पावसाळ्यात चौरंग जुळवणार, म्हणजे फळी आता फुगलेली आहे आणि हिवाळ्यात ती आकसेल. खालच्या आडव्या पट्ट्या आकसणार नाहीत, कारण त्यांची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने आहे. सगळीकडे फेविकॉल लावलात तर जानेवारीत फळी मधोमध तडकेल. पट्टीला फक्त मध्यावर एक घट्ट स्क्रू द्या आणि दोन्ही टोकांकडची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट कोरा, म्हणजे तिथले स्क्रू थोडे सरकू शकतील.

सागवान_दादर

मग फेविकॉल लावायचा तरी कुठे?

पटाशीवाला

पायांच्या सांध्यांत. साग तेलकट असतो, म्हणून सरस लावण्याच्या थोडे आधी सांधा थिनरच्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि रात्रभर शिकंज्यात ठेवा.