मेरी बार्बर : भाडेसंपानंतरची अकरा वर्षं

मेरी बार्बरबद्दल लिहिताना बहुतेक जण त्यांनी पुढारपण केलेल्या, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या १९१५ च्या भाडेसंपापाशीच थांबणं पसंत करतात. तो प्रसंग आहेच तसा. महायुद्धामुळे ग्लासगोतल्या गोवन भागातल्या गोदीत कामगारांची रीघ लागली, घरमालकांनी भाडी वाढवली आणि पुरुष आघाडीवर असताना बायकांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. चाळीच्या तोंडाशी एकजण घंटा घेऊन बसायची. जप्तीवाला दिसला की घंटा वाजायची आणि हातातलं काम टाकून बायका पिठाच्या पुड्या, ओले कपडे घेऊन जिन्यात धावायच्या. १७ नोव्हेंबरला हजारो लोक कोर्टावर चालून गेले, भाडं थकवणाऱ्यांवरचे खटले मागे घ्यावे लागले आणि त्याच वर्षी भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवणारा कायदा आला.

पण मला मेरीबाई जास्त भावतात त्या पुढच्या काळातल्या. १९२० मध्ये त्या गोवनमधून नगरसेविका झाल्या. ग्लासगोत बायका निवडून येण्याची ती पहिलीच खेप. तिथे त्यांनी काय लावून धरलं? सार्वजनिक धुलाईघरं, न्हाणीघरं, शाळकरी मुलांना फुकट दूध, खेळायला मैदानं. ज्या बाईने एका खोलीत संसार केलेल्या शेजारणी पाहिल्यात, तिलाच कपडे धुवायच्या जागेचं मोल कळतं. १९२६ च्या सुमारास गोवनमध्ये संततिनियमनाचा सल्ला देणारा दवाखाना उभा राहिला, त्यामागेही त्याच होत्या. त्या काळी हे उघडपणे बोलायलाही छाती लागायची.

१९३१ पर्यंत त्या नगरसेविका होत्या. पुतळा मात्र २०१८ च्या महिलादिनी उभा राहिला, गोवन क्रॉसला.