एकाच गिटारवर सगळे वाजवायचे असेल, तर ब्रिजचा हंबकर ‘हॉट’ नसावा

पुणेरी प्लेक्ट्रम

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. भावगीतामागे हलके आर्पेजिओ, लावणीच्या ठेक्यावर तुटक कॉर्ड आणि शेवटच्या अर्ध्या तासात फर्माइशीखातर डिस्टॉर्शन लावून सोलो, हे सगळे मला एकाच गिटारवर करावे लागते, कारण दुसरी गिटार ठेवायला रंगमंचावर जागा नसते आणि ती बदलायला निवेदक वेळ देत नाही. माझी गिटार एचएसएस रचनेची आहे, म्हणजे तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या तीन पिकअपपैकी ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे हमिंग रद्द करणारा दोन कॉइलचा पिकअप, आणि मध्ये व नेकजवळ (मानेजवळ) एकेक सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप. मूळ पिकअप बदलायची वेळ आली तेव्हा बहुतेक जण करतात तेच मी केले. ब्रिजला सिरॅमिक चुंबकाचा, मल्टिमीटरवर १६ किलोओहमच्या आसपास रोध दाखवणारा ‘हॉट’, म्हणजे जास्त ताकदीचा, हंबकर बसवला आणि सिंगल कॉइल मात्र साध्या, ६ किलोओहमच्या घेतल्या. दोन गणेशोत्सव वाजवून झाल्यावर तो हंबकर काढून ठेवला.

कारण सांगतो. एका कार्यक्रमात अंतऱ्यामागे मी पिकअप निवडायच्या पाच स्थानांच्या स्विचच्या चौथ्या स्थानावर, म्हणजे नेक आणि मधला पिकअप मिळून, वाजवत होतो आणि म्युझिक पीस आला तसा स्विच ब्रिजवर टाकला. आवाज एकदम इतका उसळला की साउंडवाल्याने मिक्सरवरचा माझ्या आवाजाचा फेडर खाली ओढला. त्याच्या जागी मीही तेच केले असते. पुढच्या अंतऱ्याला मी चौथ्या स्थानावर परत आलो, फेडर मात्र खालीच राहिला, आणि त्या कडव्यात गिटार वाजत होती हे फक्त मला ठाऊक होते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, बहुगुणी गिटारसाठी पिकअप निवडताना सर्वांत आधी पाहावे ते स्विचची पाचही स्थाने एकमेकांच्या पातळीला राहतील का, हे. सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये १९५५ साली हंबकर घडवला आणि १९५७ पासून तो लेस पॉल गिटारवर बसू लागला; त्या धाटणीचे हंबकर साधारण साडेसात ते साडेआठ किलोओहमचे असतात आणि साध्या सिंगल कॉइलशेजारी ते उपरे वाटत नाहीत. जास्त ताकदीच्या पिकअपची गरज ज्या काळात निर्माण झाली तो काळ वेगळा होता. दिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन हा हंबकर १९७२ मध्ये आला तेव्हा व्हॉल्व्ह अँप फाटेपर्यंत रेटायचा तर पिकअपकडूनच जोराचा धक्का मिळावा लागे. आज पायाखालच्या प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, पडून असतो. मग कॉइलच्या तारेचे वळसे वाढवून इंडक्टन्स (वळशांबरोबर वाढणारा कॉइलचा विद्युत गुणधर्म) वाढवायचा, त्यापायी अनुनादाचे शिखर, म्हणजे पिकअप सर्वांत खुलून वाजतो ती वारंवारता, खाली सरकू द्यायचे आणि क्लीन आवाजातली खणखण घालवून बसायचे, यात फायदा कोणाचा?

सोल्डरगन

तुमच्या फसगतीबद्दल सहानुभूती आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. बहुगुणी गिटार म्हटली की हंबकरची एक कॉइल बंद करून त्याला सिंगल कॉइलसारखे वाजवणे, म्हणजे स्प्लिट करणे, ओघाने आलेच. तुमचा ८ किलोओहमचा सौम्य हंबकर स्प्लिट केला की हातात ४ किलोओहमची एक किरकिरी कॉइल उरते, जिचा आवाज डब्यात वाळू हलवल्यासारखा येतो. याउलट १६ किलोओहमचा हंबकर स्प्लिट केला की साधारण ८ ची कॉइल मिळते आणि ती मधल्या पिकअपशेजारी नीट उभी राहते. ‘हॉट’ म्हणजे सिरॅमिकच असेही नाही; सेमूर डंकनचा जेबी १६ किलोओहमच्या पुढे जातो आणि त्यात अल्निको ५ या मिश्रधातूचे चुंबक असते.

राहिला पातळीचा प्रश्न. त्यासाठी पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू दिलेले असतात. हंबकर खाली उतरवा, सिंगल कॉइल थोड्या वर घ्या, आणि साउंडवाल्याला फेडरला हात लावायचे कारणच उरणार नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे.

मल्टिमीटरवाला

दोघेही किलोओहमवर भांडत आहात, म्हणून मध्ये बोलतो. तो आकडा तांब्याच्या तारेचा रोध सांगतो, पिकअपची ताकद सांगत नाही. नेहमीच्या ४२ गेजऐवजी ४३ किंवा ४४ गेजची बारीक तार वापरली तर तेवढ्याच वळशांत रोध बराच वाढतो, पण तारेच्या बारीकपणाने काही व्होल्टेज वाढत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ८.० दाखवणारा पिकअप मे महिन्यात दुपारी ४० अंशांना ८.६ दाखवील. तेवढ्यावरून तो ‘हॉट’ झाला म्हणायचे का, उन्हाळा सोडून? पिकअप घ्यायचा तर इंडक्टन्सचा आकडा मागा. साध्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) सिंगल कॉइलचा तो सव्वादोन-अडीच हेन्री असतो आणि जुन्या धाटणीच्या हंबकरचा चार ते पाच. तिथे तुलना करता येते.

ट्यूबलाइट

धागाकर्त्यांनी चूक ब्रिजच्या हंबकरमध्ये शोधली आहे. माझ्या मते ती उरलेल्या दोन सिंगल कॉइलमध्ये आहे. आपल्याकडच्या मांडवात प्रकाशाचे डिमर, जनरेटर आणि कुठून ओढलेली वीज कुठे गेली हे कोणालाच माहीत नसलेले अर्थिंग, यांच्या सान्निध्यात साधी सिंगल कॉइल म्हणजे ५० हर्ट्झची एकतारीच. घरीसुद्धा पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोनवर ठेवला की माझ्या नेक पिकअपमधून भुंगा ऐकू येतो, आणि तो गप्प व्हावा म्हणून मला कपाटाकडे तोंड करून बसावे लागते. कपाटाकडे तोंड करून घरी वाजवता येते, प्रेक्षकांकडे पाठ करून कार्यक्रम करता येत नाही.

यावर काही जण सांगतात की मधला पिकअप उलट वळशांचा आणि उलट ध्रुवाचा असला की चौथ्या स्थानावर हमिंग रद्द होते. ते खरे आहे, पण एकटा नेक पिकअप वाजवायचा तेव्हा काय करायचे? म्हणून मधे आणि नेकला एकाखाली एक दोन कॉइल असलेले, हमिंग न देणारे पिकअप घ्यावेत. ते साध्या सिंगल कॉइलइतके मोकळे वाजत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. असेलही, पण ज्या मोकळेपणाबरोबर भुंगा येतो तो मला नको.

नऊ व्होल्ट

ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप बसवा. ईएमजीसारख्या पिकअपमध्ये प्रीअँप आतच असतो, हमिंग जवळजवळ नसते आणि लांब केबलमध्ये वरचे स्वर हरवत नाहीत. वाद मिटला.

सोल्डरगन

वाद बॅटरी संपेपर्यंत मिटला. त्यांना २५ किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या खुंट्यांखालचे बदलते रोध) आणि केबल काढली की बॅटरी तोडणारा स्टिरिओ जॅक लागतो, म्हणजे गिटारची सगळी अंतर्गत जोडणी बदलावी लागते. शिवाय त्याच गिटारमध्ये साधे पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीविना चालणारे, पिकअप ठेवायचे तर पॉटचे गणित जुळवताना नाकी नऊ येतात.

खिसा आणि खुंटी

कोणीही अजून एक साधा प्रश्न विचारलेला नाही, म्हणून विचारतो: धागाकर्त्यांच्या गिटारमध्ये व्हॉल्यूम पॉट किती किलोओहमचा होता? सिंगल कॉइलसाठी २५० चा आणि हंबकरसाठी ५०० चा वापरण्याची रीत आहे, कारण पॉटचा भार पिकअपला समांतर येतो आणि भार जितका जड तितके अनुनादाचे शिखर दबते. २५० च्या पॉटवर ‘हॉट’ हंबकर लावला असेल तर तो घोंगडी पांघरून गाणारच.

माझ्या मते अशा गिटारमध्ये निम्म्या वेळा पिकअप बदलण्याची गरजच नसते. ५०० चा पॉट बसवावा, आणि स्विचच्या मोकळ्या पोलवरून (न वापरलेल्या जोडणीवरून) ४७० किलोओहमचा रेझिस्टर असा जोडावा की सिंगल कॉइलच्या स्थानांवर तो पॉटला समांतर यावा. दोन्ही मिळून सुमारे २४२ किलोओहम होतात आणि प्रत्येक पिकअपला हवा तो भार मिळतो. हा रेझिस्टर चहापेक्षा स्वस्त येतो. त्यानंतर शेवटच्या फ्रेटवर तार दाबून साध्या सिंगल कॉइलचे अंतर जाड तारेकडे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर ठेवावे. सोल्डरगन सुचवतात तशा सिंगल कॉइल फार वर घेऊ नयेत, कारण त्यांच्यातली दांडीची चुंबके जाड तारेला ओढू लागतात आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर डळमळतो; मग माणूस ब्रिजच्या सॅडलला दोष देत बसतो.

पुणेरी प्लेक्ट्रम

पॉटबद्दलचा नेम अचूक लागला. माझ्या गिटारमध्ये २५० चेच पॉट होते आणि मी ते बदलले नव्हते, तेव्हा त्या हंबकरचा आवाज दबलेला वाटण्यात त्याचाही वाटा होता, हे मला मान्य केले पाहिजे. पण पातळीतली उडी पॉटमुळे येत नाही, आणि माझे मूळ गाऱ्हाणे त्या उडीचे आहे.

सोल्डरगन यांनी हंबकर खाली उतरवायला सांगितले. मी तो पिकगार्डच्या पातळीपर्यंत उतरवून पाहिला होता. आवाज कमी होतो यात शंका नाही, परंतु वळसे तेवढेच राहतात, इंडक्टन्स तेवढाच राहतो, आणि म्हणून आवाजाचा रंग जाडच राहतो. मोठा जाड आवाज होता त्याचा लहान जाड आवाज झाला. मल्टिमीटरवाल्यांच्या हिशेबाने पाहिले तरी सव्वादोन हेन्रीच्या सिंगल कॉइलशेजारी चार हेन्रीचा हंबकर निभावतो, आठ हेन्रीचा निभावत नाही.

स्प्लिटच्या बाबतीत मात्र तुमचा मुद्दा खरा आहे, सौम्य हंबकरची एकटी कॉइल कृश वाजते. त्यावर मी दोन वाटा पाहतो. दुसरी कॉइल थेट अर्थला (ग्राउंडला) न जोडता काही किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडली तर तिचा थोडा अंश आवाजात राहतो आणि अंगात जरा मांस दिसते. किंवा स्प्लिट सोडून दोन्ही कॉइल समांतर जोडाव्यात, म्हणजे आवाज पातळ होतो आणि हमिंगही रद्दच राहते, जे ट्यूबलाइट यांनाही पटावे. माझा कल समांतरकडे आहे, कारण कार्यक्रमात स्प्लिट केलेला ब्रिज मी एकटा क्वचितच वाजवतो.

हमिंग न देणाऱ्या सिंगल कॉइलबद्दल माझा आग्रह नाही. भावगीतामागे एकटा नेक पिकअप वाजवताना, बोट तारेवर टेकण्याचा जो आवाज साध्या कॉइलमध्ये येतो तो मला हवा आहे, आणि त्यासाठी दोन गाण्यांच्या मध्ये व्हॉल्यूम शून्यावर आणण्याची सवय मी लावून घेतली आहे. तेव्हा अल्निको ५ चा, आठ किलोओहमच्या आसपासचा, चार तारांचा हंबकर, ५०० चा पॉट आणि तो ४७० चा रेझिस्टर असे ठरवतो आहे.

सोल्डरगन

मी त्या जागी जेबीच बसवला असता, ते असो. पण चार तारांचा घेत आहात आणि सिंगल कॉइल दुसऱ्या कंपनीच्या आहेत, म्हणून एक सांगून ठेवतो. तारांच्या रंगांचा संकेत प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. सेमूर डंकनमध्ये काळी तार हॉट आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडायची, तर दिमार्झिओमध्ये लाल हॉट आणि काळी-पांढरी जोडायची. हिरवी दोन्हीकडे अर्थला जाते, त्यामुळे माणूस बेसावध राहतो. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावून मी एकदा अख्खी संध्याकाळ वाया घालवली आहे, आणि चूक सर्वस्वी माझी होती.

सोल्डर करण्याआधी काट्याचा जुना मीटर सर्वांत कमी डीसी व्होल्टवर ठेवून पिकअपला जोडा, पिकअपच्या पोलवर (वर दिसणाऱ्या धातूच्या टोकावर) स्क्रूड्रायव्हर टेकवा, झटकन उचला आणि काटा कोणत्या बाजूला हलतो ते पाहा. तिन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला हलला पाहिजे. मधला पिकअप उलट वळशांचा असला तरी हेच लागू आहे, कारण त्याचा ध्रुवही उलट असतो. एखाद्याचा काटा विरुद्ध बाजूला गेला, तर सिंगल कॉइल असल्यास तिच्या दोन तारांची अदलाबदल करा. हंबकर असल्यास हॉट आणि हिरवी बदला, पण वेगळी काढलेली उघडी शील्ड तार कोणत्याही परिस्थितीत अर्थलाच ठेवा.