भाड्याच्या घरांना सवलत हवीच, पण अटीसह
सोलापूरजवळ कुंभारी येथील रे नगर या कामगार वसाहतीत मालकीची घरे झाल्यावर भाड्याच्या घरांसाठी वेगळ्या सवलती कशाला, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कुंभारीचा तो प्रकल्प मोठाच आहे (३० हजारांपैकी १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली), पण ज्या यंत्रमाग कामगाराला घराच्या किमतीतला स्वतःचा हिस्सा भरणेच झेपत नाही, त्याला आधी भाड्याची खोली लागते. केंद्राच्या २०२० च्या योजनेत मोकळ्या जागेवर अशी घरे बांधून ती २५ वर्षे भाड्याने चालवणाऱ्यास ५० टक्के वाढीव चटईक्षेत्र (म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) आणि आयकरात सूट देऊ केली होती. मात्र आपल्याकडे विडी कामगार बाई मांडीवर सूप घेऊन घरातच विड्या वळते. भिजवलेली पाने कापायला तिला उजेडाचा कोपरा हवा असतो. म्हणून वाढीव चटईक्षेत्र देताना प्रत्येक घरात असा उजेडाचा कोपरा ठेवण्याची अट जोडावी.